नादकाटा

"बीप ऐकू आला की बटण दाबायचं, काका. नाही आला तर नाही दाबायचं. एवढंच काम."

पोतदारानं माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि काचेचं दार ओढून घेतलं. दार नीट लागलं नाही, बोटभर फट राहिली. त्या फटीतून चौकातल्या रिक्षा, एस.टी.चा हॉर्न आणि समोरच्या भांड्यांच्या दुकानातली आदळआपट, सगळं आत येत होतं. मी अंगठा बटणावर ठेवून बसलो. मधूनच कानात काहीतरी किणकिणल्यासारखं वाटायचं. ते हेडफोनमधलं की समोरच्या दुकानातलं, याची खात्री पटेपर्यंत ते विरून जायचं. खात्री नसताना मी बटण दाबलं नाही. खात्री नसताना मी आयुष्यात कुणाच्या नावावर काही लिहिलेलं नाही.

दहा मिनिटांत तपासणी उरकली. पोतदारानं संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. त्यावर दोन रेघा होत्या आणि दोन्ही घसरगुंडीवरून उतराव्यात तशा खाली गेल्या होत्या.

"दोन्ही कानांत साठ टक्के गेलंय, काका," तो दुखवट्याला आल्यासारख्या आवाजात म्हणाला. "तरी बरं, वेळेत आलात."

ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची, सांगलीतली. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो. वैधमापन खात्यात निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं काढून निवृत्त झालो होतो. लोक आम्हाला 'वजनमापवाले' म्हणायचे आणि आम्ही बाजारात शिरलो की अर्ध्या दुकानांची शटरं खाली यायची. पारड्याखाली चिंच चिकटवणारे, वजनाच्या बुडाला भोक पाडून आतलं शिसं काढणारे, काट्याला करंगळीचा टेका देणारे, असे शेकडो मी पकडले. त्यामुळं झालं काय, की घरी भाजीत मीठ जास्त पडलं तरी मला त्यात कुणाचा तरी हात दिसायचा. माझी बायको त्रिशला म्हणायची, "मगदूम, नोकरी सुटली तुमची. आता तरी डोळे मिटा."

म्हणायची म्हणजे, पूर्वी म्हणायची. गेली दोनेक वर्षं तिचं बोलणं मला ऐकूच येईनासं झालं होतं.

पेपरवाल्याची हाक मला ऐकू यायची. फोन ऐकू यायचा. पण ही शेजारी बसून काही बोलली की ओठ हललेले दिसायचे आणि हाती काही लागायचं नाही. "काय? मोठ्यानं बोल की," हे माझं दिवसातलं सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य झालं होतं. टीव्ही ती घर दणाणेल एवढा मोठा लावायची. मला वाटायचं, माझ्यासाठी लावते.

मग पौषातली ती सकाळ आली. चहाच्या वेळी ती काहीतरी सांगत होती आणि तीन वेळा विचारूनही मला कळेना. मी वैतागून म्हणालो, "तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस. बोलायचं तर नीट बोल, नाहीतर बोलूच नकोस." मोठ्यानं बोललो, अगदी तोंडावर. ती उठून गेली. त्यानंतर तासाभरात ती न्हाणीत पाय घसरून पडली. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. न्हाणी तिथून बारा पावलांवर आहे, नंतर मी मोजली. चाळीस मिनिटं ती ओल्या फरशीवर पडून होती. मला पत्ता नाही. शेवटी पाणी तापलं असेल म्हणून मी उठलो तेव्हा मला ती दिसली.

"अगं, हाक मारायची नाहीस का?"

"मारली की," ती म्हणाली. तेवढं मी तिच्या ओठांवरून वाचलं. मग तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

खुब्याचं हाड वाचलं, पण त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतीच बोलू लागली. माझ्या मनानं एकच धरलं. आज ती पडली, मला ऐकू आलं नाही. उद्या पुन्हा पडली तर? ही भीती माझा पिच्छा सोडीना. सहा महिन्यांनी पेपरात 'मोफत श्रवण तपासणी' असं पत्रक आलं तसा मी पोतदाराच्या दुकानाची पायरी चढलो. निघताना तिला सांगितलं, "कान तपासून येतो." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी चिंचवाल्या दुकानदाराकडं बघायचो.

तर पोतदार. चाळिशीचा, गुळगुळीत दाढी, गळ्यात कंपनीचा बिल्ला. आडनाव पोतदार, म्हणजे याचे पूर्वज नाणी पारखत असणार. हा गिऱ्हाईक पारखत होता. त्याच्या अर्जात एक प्रश्न होता, 'घरातल्यांचं बोलणं ऐकू येतं का?' मी लिहिलं होतं, 'बायकोचं येत नाही.'

"बायकांच्या आवाजाची पट्टीच आधी जाते, काका. अगदी नमुनेदार केस आहे तुमची." त्यानं कपाटातून दोन डबे काढून टेबलावर ठेवले. एकात चार चॅनलचं, म्हणजे आवाज चार पट्ट्यांत वेगळा करणारं कानाचं यंत्र, दुसऱ्यात सोळा चॅनलचं. "चारमध्ये आवाज येईल. सोळामध्ये माणूस येईल."

वाक्य चांगलं होतं. पाठ केलेलं होतं, पण चांगलं होतं.

मी दोन्ही यंत्रं तळहातावर घेतली. शेंगदाण्याएवढी, दोन्ही एकाच अंगाची, एकाच रंगाची. "फरक काय यांच्यात?"

"बाहेरून नाही. मशीन तेच आहे. आतले चॅनल सॉफ्टवेअरनं बंद ठेवलेले असतात. तुम्ही पुढं कधी वरचे पैसे भरले की आम्ही इथूनच उघडून देतो. म्हणजे मशीन बदलायची कटकटच नको."

हे तो फायदा म्हणून सांगत होता. मी त्याच्याकडं बघतच राहिलो. "म्हणजे किलोभर साखर देणार, त्यातली पाव किलो खायला आणि बाकीची पिशवीत कुलूप लावून?"

तो हसला. "तुम्ही गमतीशीर आहात, काका."

जोडीची किंमत एक लाख चौऱ्याऐंशी हजार. मला मात्र एक लाख दहा, तेही आजच्या दिवसापुरतं. मी डबा उलटा केला. हाताला सवयच तशी. किंमत छापलेली नव्हती, चिकटवलेली होती. मी नखानं पट्टीचा कोपरा उचलला. खाली दुसरी पट्टी होती आणि तिच्यावरचा आकडा निम्म्याहून खाली.

"हे गुन्ह्यात बसतं, पोतदार."

"कंपनीनं रेट रिव्हाईज केलेत." त्यानं डबा हलक्या हातानं माझ्याकडून काढून घेतला. "काका, किंमत बघू नका. काकूंचा आवाज परत ऐकायचाय ना तुम्हाला?"

डोळ्यांसमोर ती ओली फरशी आली. त्यानं यंत्र माझ्या कानात घातलं, आवाज चढवला आणि कागद चुरगाळला. कानाशी पत्र्याच्या छपरावर पाऊस पडावा तसं झालं. आवाज चढवला की कुणालाही मोठं ऐकू येणारच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण भ्यालेल्या माणसाला कळत नाही. मी पाच हजार आगाऊ दिले.

"पुढच्या वेळी काकूंना घेऊन या," पोतदार दारापर्यंत सोडायला आला. "त्या बोलतील, तुम्ही ऐकाल. इथंच खात्री करून देतो."

पायऱ्या उतरता उतरता माझ्यातला निरीक्षक जागा झाला. काकूंना घेऊन या! अरे, एखाद्याचा काटा खोटा आहे असा संशय आला की आम्ही काय करायचो? आमच्याजवळचं खात्याचं प्रमाण वजन त्याच्या पारड्यात टाकायचो. आमचं किलोचं वजन त्याच्या काट्यावर किलोचं भरलं नाही की काटा खोटा. त्यात वाद नाही, वकील नाही. तसंच इथं करायचं. ज्याचे कान धडधाकट आहेत असा माणूस पोतदाराच्या मशीनला लावायचा. त्यालाही त्यानं बहिरा ठरवला की चोर मुद्देमालासकट सापडला.

आणि धडधाकट कान माझ्या घरातच होते.

"माझे कान कशाला?" त्रिशलानं विचारलं. मी तिच्या समोर पाटावर बसून हातवारे करून सगळा बेत समजावला होता, तेव्हा कुठं तिनं एवढं म्हटलं.

"तू माझं प्रमाण वजन."

ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मग तिनं ताट जवळ ओढलं आणि काहीतरी म्हणाली. ओठांवरून कळलं ते इतकंच, की उद्या चतुर्दशी आहे, उपवास आहे.

"उपवासाला पोट लागतं, कान नाही लागत. चल की."

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मी हो धरलं. तेव्हा मी बऱ्याच गोष्टी अशाच धरून चालायचो. एक मात्र मला खटकत होतं. ही घरात मुकी होती, पण पिठाच्या गिरणीत, जिथं पट्ट्याच्या खडखडाटात दुसऱ्याचं डोकं उठतं, तिथं गिरणीवालीशी अर्धा अर्धा तास गप्पा मारायची. एस.टी.त बसलो की शेजारणीची सगळी वंशावळ काढायची. मी मनात म्हणायचो, जगाशी बोलायला तोंड आहे, माझ्याशीच नाही. न्हाणीतला राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी तिला मी रिक्षातून नेलं. बेत पक्का होता. तिनं एकटीनं वर जायचं, माहेरचं नाव सांगायचं, त्रिशला चौगुले. मी नवरा आहे हे कळू द्यायचं नाही. आम्ही चाचणी खरेदीला असेच बनावट गिऱ्हाईक पाठवायचो. रिक्षाच्या फटफटीत तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जिन्यापाशी ती वळली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली.

"नको जायला," ती म्हणाली.

"घाबरायचं काय त्यात? बीप आला की बटण दाबायचं."

ती वर गेली. मी समोरच्या रसवंतीत उसाचा रस घेऊन बसलो. जुने दिवस आठवले. छाप्याआधी असंच कुठंतरी आडोशाला बसायचो. खरं सांगतो, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं.

अर्ध्या तासानं ती उतरली. हातात कागद होता. मी तो जवळजवळ हिसकावलाच. त्याच घसरगुंड्या होत्या, माझ्यापेक्षा खोल. उजव्या कानात पासष्ट, डाव्यात सत्तर. शिफारस, सोळा चॅनल.

"सापडला!"

मी दोन दोन पायऱ्या चढून वर गेलो. त्रिशला माझ्या मागून आली. पोतदार डबे कपाटात लावत होता. मी दोन्ही कागद त्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"ही माझी बायको आहे. हिचे कान लखलखीत आहेत. तुमचं मशीन हिलाही सत्तर टक्के बहिरी म्हणतंय. आता बोला. इथं दारात येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही बहिरं करून सोडता का?"

पोतदाराचा चेहरा उतरला. तो माझ्या कागदाकडं बघत राहिला, तिच्या कागदाकडं त्यानं बघितलंच नाही. मग ड्रॉवर उघडून त्यानं माझे पाच हजार काढून समोर ठेवले.

"तुमचे पैसे घ्या, काका. तुमची तपासणी घाईत झाली असेल, मी मान्य करतो. पण काकूंना मी मागून तीन वेळा हाक मारली होती. त्यांनी मान वळवली नाही."

"चौगुले नावाची सवय नाही तिला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली."

"मी काकू म्हणून हाक मारली होती."

"तुम्ही आता काहीही म्हणाल."

मी त्रिशलाकडं वळलो. ती दाराशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, एकदा माझ्या तोंडाकडं, एकदा त्याच्या तोंडाकडं बघत. मला वाटलं, भांडण बघून बावरली आहे.

पैसे मिळाले, पण माझं समाधान झालं नाही. मला त्याला कागदावर धरायचं होतं आणि त्यासाठी सरकारी शिक्का हवा होता. सोमवारी मी तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. कानाच्या विभागात डॉक्टर मुल्ला म्हणून बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मी त्यांना पोतदाराची कथा सुरुवातीपासून सांगितली.

तिथली तपासणीची खोली वेगळीच होती. दार दोन वेळा बंद झालं, भिंतींना गाद्या होत्या, आणि आत इतकी शांतता की मला माझा श्वास ऐकू यायला लागला. पहिल्या फेरीनंतर मुल्लाबाई आत आल्या.

"काका, तुम्ही बटण दाबायला फार वेळ लावता."

"खात्री पटली की दाबतो."

"खात्री नको. शंका आली तरी दाबायचं."

जन्मभर शंका आली की समोरच्याला दाबतच आलो होतो, आणि नेमकं इथंच दाबलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत मी नुसत्या शंकेवर बटण दाबत गेलो.

"वयाच्या मानानं उत्तम आहेत तुमचे कान," बाई कागद बघून म्हणाल्या. "यंत्राची काही गरज नाही."

मी खुर्चीतच ताठ झालो. तो कागद पुढं मी वापरलाही. तक्रार केली. माझ्याच जुन्या खात्यातला माणूस पोतदाराकडं गेला. पट्टीवर पट्टी चिकटवल्याबद्दल त्याला दंड झाला, तो त्यानं हसत भरला, आणि पुढच्या महिन्यात डब्यावर तीच किंमत थेट छापून आली. छापील किंमत मनाला येईल तेवढी ठेवा, कायद्याला तिथं तोंड नाही. आत कुलपात ठेवलेल्या पाऊण मालाबद्दल तर कुठलं कलमच सापडलं नाही. तक्रारीचं सांगण्यासारखं इतकंच.

"आता हिचं बघा," मी मुल्लाबाईंना म्हणालो. "म्हणजे त्याचे दोन्ही खोटे कागद एकत्र जोडता येतील."

त्रिशला त्या खोलीत गेली. बराच वेळ लागला. ती बाहेर आली तेव्हा बाईंनी तिला स्टुलावर बसवलं, तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि साध्या आवाजात विचारलं, "काकू, माहेर कुठलं तुमचं?"

त्रिशला समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

"काकू, मुलं किती तुम्हाला?"

ती बघतच राहिली.

मुल्लाबाईंनी टेबलावरून एक लोखंडी चिमट्यासारखं काढलं. मूठ एक, दांड्या दोन. शाळेत विज्ञानाच्या सरांनी दाखवलेला, मला नाव आठवलं, नादकाटा. मी आयुष्यभर हजारो काटे तपासले, पण हा काटा शाळेनंतर पहिल्यांदाच बघत होतो. बाईंनी तो तळहातावर आपटला आणि तिच्या कानाजवळ धरला. मला स्टुलापासून दोन हातांवर त्याचा गुंजारव ऐकू येत होता. त्रिशलानं मान हलवली. नाही.

मग बाईंनी काट्याची मूठ तिच्या कानामागच्या हाडावर टेकवली.

तिचा चेहरा मी आजही विसरलो नाही. ती दचकली, आणि मग तिचे डोळे मोठे झाले. "येतंय," ती म्हणाली. "घणघण येतंय, देवळातली घंटा येते तसं."

बाई तिच्या कानाशी वाकून, शब्द सुटे करून, मोठ्यानं बोलायला लागल्या. ते मलाही आपोआप कळत गेलं. आतला कान चांगला आहे. मधे एक हाड असतं, शरीरातलं सगळ्यात लहान, घोड्याच्या खोगिराला असते त्या रिकिबीच्या आकाराचं. ते जागेवर अडकलंय. त्यामुळं बाहेरचा आवाज आत जात नाही. दहा-बारा वर्षांपासूनचं असावं. छोटं ऑपरेशन करता येतं.

"गोंगाटात बरं ऐकू येतं ना तुम्हाला? गिरणीत, बसमध्ये?"

"हो की. तिथं सगळी ओरडून बोलतात."

"आणि स्वतःचा आवाज?"

"तो घुमतो डोक्यात."

"म्हणून तुम्ही हळू बोलता. तुम्हाला वाटतं आपण ओरडतोय, बाहेर मात्र कुजबुजल्यासारखं येतं. काकांच्या कानांना काही झालेलं नाही. तुमचा आवाजच त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता."

माझ्याकडं त्रिशलानं बघितलं नाही. ती बाईंशीच बोलली, आणि तेव्हा ती खोली इतकी शांत होती की तिचा शब्द अन् शब्द मला कळला.

"न्हाणीत पडले तेव्हा मी हाका मारल्या होत्या. घसा फुटेस्तोवर. सकाळीच हे म्हणाले होते, नीट बोलायचं नसेल तर बोलूच नकोस. मग हे आले नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं, तरी उठले नाहीत."

सहा महिने. सहा महिने ती माझ्या शेजारी बसून जेवत होती, माझ्या पानात भाकरी वाढत होती, आणि मनात हे घेऊन वावरत होती. आणि मी तिचा हा अबोला माझ्या कानांच्या खात्यावर मांडून पोतदाराच्या मागं लागलो होतो. मी कान तपासायला निघालो तेव्हा तिनं तसं का बघितलं, ते आत्ता कळलं. तिला वाटलं असणार, आता हा बहिरेपणाचा बहाणा रचतोय. एका घरात दोन माणसं, आणि दोघंही एकमेकांचा काटा खोटा आहे असं धरून बसलेली.

आमच्या खात्यात एक नियम होता. ज्या वजनानं दुसऱ्याचा काटा तपासायचा, ते वजन आधी प्रयोगशाळेत नेऊन स्वतः तपासून आणायचं. मुदत चुकली तर निरीक्षकाचा खटला तिथंच बाद. एकतीस वर्षांत मी ती मुदत एकदाही चुकवली नव्हती. नोकरीत.

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. केसपेपरची रांग दारापर्यंत गेली होती. मी तिच्याकडं तोंड करून, शब्द सुटे करून विचारलं, "तुला ऐकू येत नाही, हे तुला माहीत होतं ना?"

तिनं मान हलवली.

"मग मला का सांगितलं नाहीस?"

ती म्हणाली, "खोटं वजन सापडलं की तुम्ही काय करता, ते मला माहीत नाही का?"

मला ओठांकडं बघावं लागलं, पण कळलं. तिला माहीत असणारच. घरी येऊन मीच रंगवून सांगायचो. वजन हातात घ्यायचं, दुकानदारासमोर, चारचौघांत वर धरून दाखवायचं, आणि जप्त करून पोत्यात टाकायचं. पोत्यात पडताना त्याचा कसा आवाज होतो, तो मी तोंडानं काढून दाखवायचो. ती चहा ओतत असायची आणि ऐकत असायची. तेव्हा तिला ऐकू येत होतं.

ऑपरेशन पुढं झालं, तिचा एक कान सुधारला, ती सगळी वेगळी हकिगत. त्या दिवशी बाकावर मला एकच गोष्ट सांगायची होती. मी ती कशीबशी म्हणालो.

"काय?" तिनं विचारलं.

मी पुन्हा म्हणालो. तिनं कपाळाला आठी घातली, माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि मान हलवली. माझा आवाज चिरकला होता, ओठही नीट हलत नव्हते. गेली दोन वर्षं मी तिला म्हणत आलो होतो तेच ती आता मला म्हणाली, "मोठ्यानं बोला की."

मग मी मोठ्यानं बोललो. बाजारात धाड घातल्यावरही कधी एवढ्या मोठ्यानं बोललो नव्हतो.

"मला ऐकू आलं असतं तर मी धावत आलो असतो!"

रांगेतली सगळी माणसं मागं वळली. खिडकीतल्या कारकुनानं मान बाहेर काढली. आत मुल्लाबाईंचं दार किलकिलं झालं.

त्रिशलानं इकडंतिकडं बघितलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"ओरडू नका," ती नेहमीसारखंच पुटपुटली, "लोक बघतायत."

ते मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.